डीलर टूरहून परतलेला रुग्ण: एक प्रकरण अभ्यास

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. नागपूरच्या कळमना बाजारात मृग बहाराची संत्री यायला लागली होती. संध्याकाळचे रुग्ण संपले, कंपाउंडर शटर अर्धं खाली ओढत होता, तेवढ्यात एक गृहस्थ वाकून आत आले. दार मागे लोटून उभ्याउभ्याच विचारलं, "सर नाहीत का जी?"

सर नाहीत. धंतोलीतला हा दवाखाना माझा एकटीचा आहे. पाटीवर 'त्वचा, केस व गुप्तरोग' असं लिहिलंय, पण पुरुष रुग्ण पहिल्या दोन शब्दांसाठी माझ्याकडे येतात आणि तिसऱ्यासाठी दुसरीकडे जातात. हे गृहस्थ दुसरीकडे जाऊनच आले होते. एकोणीस दिवस.

हे प्रकरण नवरा-बायको दोघांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. धंदा तेवढा जवळपासचा ठेवला, कारण पुढे त्याचं काम आहे.

हकीकत

वय चाळिशीच्या अलीकडचं. जवळच्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्र, म्हणजे बियाणं, खत, कीटकनाशकं. घर नागपुरात, दोन मुलं शाळेत. खरिपाचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीने बावीस डीलरांना पाच दिवस बँकॉक-पट्टाया फिरवून आणलं होतं. आमच्याकडे यात नवल काही नाही. सिमेंट, टाइल्स, रंग, पंप, कुठल्याही स्कीमचा कागद उघडा, थायलंड असतंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढल्यावर तर कंपन्यांना आणखी सोपं झालं.

पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला "लघवीला उष्णता झाली" एवढंच सांगितलं. आमच्या भागात उष्णतेच्या पोटात पुष्कळ काही लपतं. मी विचारलं, "पू येतो का?" त्यांनी मान खाली घातली.

पुढचा तपशील मी तारखांनी लिहून घेतला. ज्या रात्री संबंध आला ती शून्य धरते. आदल्या दिवशी पट्टायात जुलाब झाले होते, म्हणून ग्रुपमधल्या कुणाच्या तरी पिशवीतल्या ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलच्या तीन गोळ्या घेतल्या. त्या रात्री परतल्यावर एका अनुभवी डीलरने डॉक्सीसायक्लिनच्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या: "ह्या घे, काही होत नाही." चौथ्या दिवशी नागपुरात उतरले आणि जळजळ सुरू झाली. पाचव्या दिवशी चड्डीला पिवळे डाग. घरापासून दूरच्या, जिथे कुणी ओळखत नाही अशा एका मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरून अझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस आणि सेफिक्सिम २०० सकाळ-संध्याकाळ मिळालं. आठव्या दिवशी पू थांबला, तशी सेफिक्सिमही थांबली. दहाव्या दिवशी पत्नीशी संबंध. तेराव्या दिवशी सकाळी पुन्हा एक थेंब. दुसरं मेडिकल, लेव्होफ्लॉक्सॅसिन पाच दिवस. अठराव्या दिवशी गोळ्या संपल्या, थेंब तसाच.

म्हणजे तीन आठवड्यांच्या आत पाच अँटिबायोटिक, ऑर्निडाझोल वेगळं. चिठ्ठी एकाचीही नाही.

एक सवय इथे सांगून ठेवते. "आधी काय औषध घेतलं?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "मोबाईलमधले फोटो दाखवा" म्हटलं की मिळतं, कारण चिठ्ठी नसली तरी स्ट्रिपचा फोटो असतोच; पुन्हा तीच गोळी मागायला तो लागतो. यांच्या फोनमध्ये मागच्या वर्षभरातले अझिथ्रोमायसिनचे आणखी तीन फोटो निघाले. तिन्ही वेळा घसा दुखत होता.

"कंडोम?"

"वापरला होता जी. खोटं नाही सांगून राहिलो."

"तोंडाने जे झालं त्यालाही?"

"त्याले काय कंडोम लागते का?"

लागतो. गोनोरिया, ज्याला आपल्याकडे परमा म्हणतात, घशात बसतो आणि तिथून मूत्रमार्गात जातो. घशातला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे ज्याच्या किंवा जिच्या घशात तो आहे त्यांनाही पत्ता नसतो. प्रवासात जे लोक "मी काळजी घेतली" म्हणतात ते बहुतेक खरंच बोलत असतात. त्यांची काळजी अर्ध्या वाटेपर्यंतची असते, इतकंच.

तपासणी

मूत्रमार्गाचं तोंड लालसर, दाबल्यावर पातळ पिवळट स्राव. जखम नाही, जांघेत गाठी नाहीत, घसा स्वच्छ. काचपट्टीवर ग्रॅम रंग दिला तेव्हा पूपेशींच्या आत थोडे जोडीजोडीने बसलेले गुलाबी कोकाय, म्हणजे गोल जंतू दिसले. आल्बर्ट नायसरने १८७९ मध्ये पहिल्यांदा पाहिले ते हेच. पुरुषाच्या मूत्रमार्गातल्या पुवात हे दिसले की निदान जवळपास पक्कं. पण रंग दिलेली पट्टी जंतूचं नाव सांगते, तो कुठल्या औषधाला जुमानेल हे सांगत नाही. पीसीआरचंही तेच. त्यासाठी कल्चरच हवं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, आणि गोनोकोकस, म्हणजे परम्याचा हा जंतू, नखरेल पाहुणा. सुकला की मेला, थंड लागली की मेला, कार्बन डायऑक्साइड कमी पडला की मेला. स्वॅब दुपारी घेऊन फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी लॅबच्या पोऱ्याने न्यायचा, या पद्धतीत तो हमखास मरतो आणि रिपोर्ट येतो, 'वाढ नाही'. ओळखीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंना फोन केला, रुग्णाला गाडीत बसवून लॅबवर नेलं आणि स्वॅब तिथेच चॉकलेट अगारवर उतरवला. (चॉकलेट त्यात नसतं, तापवलेल्या रक्ताचा रंग तसा दिसतो.)

जंतू उगवला. लेव्होफ्लॉक्सॅसिनचा शेवटचा डोस आदल्या दिवशीचा असूनही उगवला, तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं होतं. लेव्होफ्लॉक्सॅसिनच्याच घरातल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चकतीला तो अगदी चिकटून वाढला होता, म्हणजे ते औषध बिनकामाचं. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिनला दाद नाही. अझिथ्रोमायसिनला नाही. सेफिक्सिम काठावर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनभोवती मात्र स्वच्छ मोठं वर्तुळ. पीसीआरमध्ये लघवी आणि घसा दोन्हीकडे गोनोरिया निघाला. क्लॅमिडिया, म्हणजे असाच संबंधातून होणारा दुसरा संसर्ग, नाही; होता असेल तर अझिथ्रोमायसिन-डॉक्सीसायक्लिनने गेला असेल. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्तचाचणी) निगेटिव्ह, पण एकोणिसाव्या दिवशीचं निगेटिव्ह कच्चं असतं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ते ७२ तास यांनी पट्टायातच घालवले होते, मित्राच्या दोन गोळ्यांवर विसंबून.

त्या दोन गोळ्या कुठून आल्या हे मला ठाऊक आहे. संबंधानंतर ७२ तासांत २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन घेतली तर सिफिलिस आणि क्लॅमिडिया पुष्कळ टळतात, हे चाचण्यांत दिसलंय आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये त्यावर मार्गदर्शनही काढलं. पण ते समलैंगिक पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांमधल्या एका विशिष्ट, वारंवार तपासणी होणाऱ्या गटापुरतं आहे. केनियात तरुण स्त्रियांवर चाचणी झाली तेव्हा फायदा दिसला नाही. गोनोरियावर तर परिणाम मुळातच कमी. फॉरवर्ड होत होत बातमीतला "कुणासाठी" आणि "कशावर" गळून गेला, "दोन गोळ्या" तेवढ्या पट्टायाला पोहोचल्या.

गोळ्या तर बरोबरच होत्या

मला या प्रकरणातलं सगळ्यात खटकणारं ते हेच. काउंटरवरच्या माणसाने दिलेली औषधं वेडीवाकडी नव्हती. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये मूत्रमार्गातून पू येणाऱ्याला जे करड्या रंगाचं किट नंबर एक देतात, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिमच असतं. फरक देण्याच्या रीतीत. किटमध्ये एक ग्रॅम अझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्सिम एकदाच, समोर बसवून. सोबत जोडीदाराला बोलवा, कंडोम घ्या, एचआयव्ही आणि सिफिलिस तपासा, आठवड्याने दाखवा. मेडिकलवाल्याने औषध दिलं, वाक्यं दिली नाहीत. आणि डोस दिवसांवर पसरून दिला, जो रुग्णाने मध्येच सोडला.

मग उपचार का फसला? सरळ बोट प्रतिरोधाकडे, म्हणजे जंतू औषधाला न जुमानण्याकडे जातं, पण मी लगेच तसं लिहिणार नाही. पहिली शक्यता प्रतिरोधाची, आणि कल्चर तिच्या बाजूने आहे. दुसरी घशाची: सेफिक्सिम घशात दुबळं पडतं, तिथला साठा जिवंत राहिला असणार. तिसरी शक्यता बोलायला अवघड: दहाव्या दिवशी त्यांनी पत्नीला दिला आणि तिच्याकडून तो परत आला. तिन्ही एकमेकींना धरून असू शकतात. पहिल्या दिवशी कल्चर केलं असतं तर उलगडलं असतं. पाच औषधांनंतर ते कायमचं पुसलं गेलं.

कायद्याचं म्हणाल तर सेफिक्सिम आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन दोन्ही शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीत येतात. १ मार्च २०१४ पासून ही औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं. स्ट्रिपवरची लाल रेघ आहे ती त्याच घराण्यातली. मी विचारलं, नाव विचारलं का कुणी? ते हसले. "नाव विचारलं असतं तर मी तिथं कायले गेलो असतो, मॅडम?"

त्यांच्या दृष्टीने तीच सोय होती. रजिस्टरला नाव हवं आणि परम्याला नाव नको. या माणसाने गोळ्या घेतल्या त्या रोग बरा व्हायला कमी, कुणाला कळू नये म्हणून जास्त. मेयो रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये फुकट झालं असतं हे सांगितलं तर म्हणाले, तिथं गावाकडचा कोणी ना कोणी भेटतेच. खोटं नाही ते. म्हणून मी हल्ली १०९७ हा नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा टोल फ्री नंबर आधी देते. फोनवर चेहरा लागत नाही.

जंतूचा प्रवास

गोनोरिया आणि प्रवास यांचं नातं जुनं. पेनिसिलिन तोडून टाकणारा गोनोकोकस १९७६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये सापडला. माग काढला तेव्हा एक धागा फिलिपाइन्सकडे गेला, दुसरा पश्चिम आफ्रिकेकडे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारा पहिला ठळक नमुना २००९ मध्ये क्योटोत मिळाला, तोही एका स्त्रीच्या घशातून. २०१८ मध्ये आग्नेय आशियातून परतलेल्या एका ब्रिटिश माणसाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही निकामी ठरलेला गोनोरिया निघाला. मूत्रमार्गातून गेला, घशातून जाईना. शेवटी शिरेतून एर्टापेनेम द्यावं लागलं, जे आम्ही आयसीयूतल्या रुग्णांसाठी राखून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निगराणीतल्या देशांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा प्रतिरोध २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत ०.८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला, सेफिक्सिमचा १.७ वरून ११ वर. कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये सर्वात जास्त.

पुन्हा पुन्हा घसाच का? कारण घशात गोनोकोकसचे चुलत भाऊ राहतात. नायसेरिया कुळातले हे निरुपद्रवी जंतू तुमच्या-माझ्या घशात आत्ता आहेत. आपण सर्दी-खोकल्याला अझिथ्रोमायसिन घेतो तेव्हा सर्दीचा विषाणू मजेत असतो. मार खातात ते हे भाऊबंद. अझिथ्रोमायसिन अंगात रेंगाळतं, निम्मं उतरायलाच ६८ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे तीन दिवसांच्या गोळ्यांनंतर कितीतरी दिवस मारायला अपुरं आणि शिकवायला पुरेसं इतकंच औषध उरतं. त्यात जे तगतात ते तगण्याचं जनुक बाळगून असतात, आणि हे कुळ शेजाऱ्याचा डीएनए उचलून आपल्यात बसवून घेण्यात पटाईत. गोनोकोकस पाहुणा म्हणून त्या घशात आला की त्याला तयार शस्त्र मिळतं. सेफिक्सिमसारख्या औषधांविरुद्धचं जनुक त्याने असंच तुकड्यातुकड्यांनी जोडून मिळवलंय.

यांचा जंतू पट्टायाहूनच प्रतिरोध घेऊन आला असणार, नागपुरात घडला नसणार, हे मला मान्य आहे. तरी वर्षभरात तीनदा अझिथ्रोमायसिन प्यालेला घसा त्याच्यासाठी मुक्कामाला चांगलाच होता.

जुलाबाच्या गोळ्यांचीही तीच गत. नेदरलँड्समधल्या सुमारे दोन हजार प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशातून परतलेल्यांपैकी एक तृतीयांश लोक आतड्यात ईएसबीएल, म्हणजे बरीच अँटिबायोटिक निकामी करणारं द्रव्य बनवणारे जंतू घेऊन आले. प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांत धोका जास्त. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत तर चारांपैकी तिघे. दक्षिण आशिया म्हणजे आपण. साध्या जुलाबाला ओआरएस पुरतं, पण पिशवीत ओआरएस कुणी भरत नाही.

हे सगळं मी त्यांना इतक्या शब्दांत सांगितलं नाही. लागलंच नाही. कल्चरची प्लेट दाखवली, चकतीला भिडून वाढलेला जंतू बोटाने दाखवला, आणि कीटकनाशकाच्या दुकानदाराने ती क्षणभर पाहून म्हटलं, "हे तर बोंडअळीसारखं झालं."

मी गप्प राहिले. मग तेच बोलत सुटले. २००२ मध्ये बीटी कापसाचं बियाणं आलं, २००६ ला दुसरं बीटी, तेव्हा बोंडाला अळी दिसत नव्हती. पाकिटासोबत बिगर-बीटी रेफ्युजीचं बी वेगळं यायचं, काही ओळी बांधाकडून लावायच्या म्हणजे अळी हुशार होत नाही. पण शेतकरी ते पाकीट फेकून द्यायचे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने विदर्भ खाल्ला. मग एका टाकीत तीन-तीन औषधं मिसळून फवारा. "अन् मी काय केलं? मी माझ्याच अंगात मिक्स फवारा मारला."

वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी रेझिस्टन्स इतका चांगला कुणाला समजावलेला नाही. आणि उपदेश करायला माझं तोंडही नव्हतं. मुरुमांसाठी पोरापोरींना महिनोन्‌महिने डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन लिहिणाऱ्या डॉक्टरांत मी आहे. त्या मुलांच्या घशात काय शिकवणी चालली असेल, याचा विचार मी या प्रकरणानंतर पहिल्यांदा केला. आता तोंडाने देण्याचं अँटिबायोटिक तीन महिन्यांच्या पुढे नेत नाही, आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला देतेच.

उपचार आणि पत्नी

उपचार एका ओळीचा: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन एक ग्रॅम, लिग्नोकेनमध्ये मिसळून कमरेत, एकदाच. अमेरिकेत ५०० मिलिग्रॅम देतात, ब्रिटनमध्ये एक ग्रॅम. घशातही संसर्ग होता म्हणून मी मोठा डोस घेतला. क्लॅमिडिया निगेटिव्ह असल्याने सोबत काही लिहिलं नाही. रुग्ण हिरमुसला. "गोळ्या काहीच नाही?" सात दिवस संबंध नको आणि पत्नीला घेऊन या, एवढंच.

ते शेवटचं वाक्य ऐकून ते परत खुर्चीत बसले. तिला मी देऊन ठेवल्या, म्हणाले. काय देऊन ठेवल्या? अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या, स्ट्रिपमधून काढून कागदाच्या पुडीत. थकवा जाईल, ताकदीच्या आहेत, असं सांगून.

मी चिडले, आणि ते दिसलं असेल. रुग्णाचं गुपित मी त्याच्या पत्नीला सांगणार नाही, ते माझ्या पेशात बसत नाही. पण तिला अंधारात ठेवून तिच्यावर उपचारही करणार नाही. स्त्रीमध्ये हा संसर्ग बरेचदा चाहूलही न देता गर्भनलिकांपर्यंत चढतो. चार दिवस दिले. काय आणि कसं सांगायचं ते दोनदा म्हणवून घेतलं, वाक्य ठरवून दिलं: "मला संसर्ग झालाय, तो माझ्यामुळे तुलाही झाला असू शकतो, डॉक्टरकडे जायचंय."

तिसऱ्या दिवशी दोघं आले. ती आधी बोलली. टूरबद्दल, बाईबद्दल एक अक्षर नाही. "मॅडम, त्या पुडीत काय होतं ते मला कागदावर लिहून द्या. मागे सल्फाने माझ्या अंगभर गांधी उठल्या होत्या, तोंड सुजलं होतं. ह्यांनीच मेयोत नेलं होतं रात्री. ह्यांना माहीत होतं."

नवरा खिडकीकडे बघत होता. अझिथ्रोमायसिन सल्फा नाही, हे मी सांगितलं. तिने मान हलवली. तिचा प्रश्न तो नव्हताच.

त्यांना बाहेर बसवून तिला तपासलं. ओटीपोटात दुखत नव्हतं, पांढरं थोडं जास्त जात होतं आणि ते तिने दगदगीवर ढकललं होतं. गर्भाशयमुखाचा स्वॅब गोनोरियाला पॉझिटिव्ह, गर्भचाचणी निगेटिव्ह. तिलाही तेच इंजेक्शन, अर्धा तास बसवून. दोघांची हिपॅटायटिस बीची लस सुरू केली, कुणीच घेतलेली नव्हती.

दोन आठवड्यांनी दोघांचं पीसीआर निगेटिव्ह, त्यांचा घसाही. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्ही निगेटिव्ह. व्हीडीआरएल मी तीन महिन्यांनी मुद्दाम पुन्हा केलं, कारण अर्धवट अँटिबायोटिकखाली सिफिलिस लांबतो, दबून राहतो. तेही निगेटिव्ह.

मे महिन्यात ते एकटे आले. पुढच्या वर्षीची स्कीम व्हिएतनामची आहे, जायचं नक्की नाही, पण ग्रुपसाठी "एक किट लिहून द्या" म्हणाले. मी लिहिलं: ओआरएस दहा पुड्या, कंडोम, पॅरासिटामॉल, १०९७. त्यांनी कागद उलटून मागे पाहिलं. "अँटिबायोटिक?" मी म्हटलं, रेफ्युजीचं पाकीट आहे हे, बांधावर फेकू नका.

त्याच आठवड्यात पत्नी आली, लसीच्या नोंदीसाठी. फाइल काढली तर तिचे रिपोर्ट नवऱ्याच्या फाइलमध्ये लावलेले होते. कंपाउंडरने एका घरचे म्हणून एकत्र ठेवले असणार. तिने पानं चाळली, आपली चार पानं बाजूला काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझी फाइल वेगळी करा मॅडम. माझ्या नावाची. वर मोठ्या अक्षरात लिहा, सल्फा चालत नाही."